एकाच सर्व्हरवर दोन संकेतस्थळे: नवीन नाव टाकले तरी जुनेच स्थळ उघडते

रामबाग-वाचक (इंदूर) | प्रश्न

सर्वांना नमस्कार. इंदुरात आमच्या मंडळाचे एक मराठी वाचनालय आहे आणि त्याच मंडळाचा सार्वजनिक गणेशोत्सवही असतो. दोन्हींसाठी मिळून आम्ही एकच क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला आहे. त्यावर उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली आणि अपाचे 2.4 हे संकेतस्थळे पुरवणारे सॉफ्टवेअर आहे. उत्सवाचे संकेतस्थळ पूर्वीच्या कार्यकर्त्यांनी बसवून दिलेले असून ते एचटीटीपीएसवर सुरळीत चालते. वाचनालयाची ग्रंथसूची, म्हणजे मुख्यतः जुने दिवाळी अंक आणि संदर्भग्रंथ यांची यादी, स्वतंत्र डोमेनवर उपलब्ध करून द्यावी असे यंदा ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

नवीन डोमेनचा ए-रेकॉर्ड, म्हणजे नावाला आयपी पत्ता जोडणारी नोंद, सर्व्हरच्या आयपीकडे वळवला आहे आणि 'डिग' या आज्ञेने तो बरोबर दिसतो. 'साइट्स-अवेलेबल' या फोल्डरमध्ये उत्सवाच्या फाइलची प्रत काढून तिला 'ग्रंथसूची' असे नाव दिले, आत सर्व्हरनेम (स्थळाचे नाव) आणि डॉक्युमेंटरूट (स्थळाच्या फायलींचे फोल्डर) बदलले. त्यानंतर 'ए-टू-एन-साइट ग्रंथसूची' ही स्थळ सुरू करण्याची आज्ञा दिली असता 'असे स्थळ अस्तित्वात नाही' या अर्थाची चूक आली. फाइल डोळ्यांसमोर असताना ती अस्तित्वात नाही असे का म्हणते हे न कळल्यामुळे 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये हातानेच सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे नेणारी जोडणी, तयार केली आणि अपाचे रीलोड केले. कसलीही तक्रार न करता रीलोड झाले. मात्र ब्राउझरमध्ये नवीन नाव टाकले की उत्सवाचेच मुखपृष्ठ उघडते. अपाचे रीस्टार्ट करून आणि ब्राउझरची कॅश रिकामी करूनही फरक पडलेला नाही.

अनंत चतुर्दशीच्या झाक्यांच्या सुमारास उत्सवाच्या स्थळावर पुष्कळ वर्दळ असते, त्यामुळे ते स्थळ बंद पडेल असा कोणताही प्रयोग मला करता येणार नाही. चूक नेमकी कुठे शोधावी, याचे मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील. फायलींची आणि आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच रोमन लिपीत आहेत.

बाड्याजवळचा (ग्वाल्हेर) | उत्तर

नमस्कार. आपण दिलेल्या माहितीतच उत्तर आहे: आपल्या फाइलच्या नावाच्या शेवटी '.कॉन्फ' नाही.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स-वितरणांवर अपाचेच्या मुख्य फाइलमध्ये, म्हणजे 'अपाचे२.कॉन्फ'मध्ये, अगदी शेवटी एक ओळ असते. 'साइट्स-एनेबल्ड'मधल्या, ज्यांचे नाव '.कॉन्फ'ने संपते अशाच फायली वाचाव्यात, असे ती ओळ सांगते. त्या ओळीतला शब्द 'इन्क्लूड-ऑप्शनल' आहे, आणि त्यातल्या 'ऑप्शनल'मुळे जुळणारी फाइल सापडली नाही तरी अपाचे चकार शब्द काढत नाही. म्हणून आपली हाताने केलेली सिमलिंक जागेवर असूनही ती वाचलीच गेली नाही आणि रीलोड विनातक्रार पार पडले. 'ए-टू-एन-साइट' ही आज्ञा दिलेल्या नावापुढे स्वतःच '.कॉन्फ' लावून फाइल शोधते. तिला ती सापडली नाही आणि तिने तसे स्पष्ट सांगितले. अपाचे 2.2 च्या काळात या वितरणांवर हे शेपूट नसले तरी चालत असे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून काम करणाऱ्यांची आजही येथे फसगत होते.

आता उत्सवाचेच स्थळ का दिसते, ते पाहू. ब्राउझरची विनंती आली की ती कोणत्या आयपीवर आणि कोणत्या पोर्टवर आली हे अपाचे आधी बघते, आणि त्या जोडीसाठी जेवढे व्हर्च्युअल होस्ट (एकेका स्थळासाठीचे कॉन्फिगचे विभाग) नोंदलेले असतील त्यांच्या सर्व्हरनेम व सर्व्हरअलायस (पर्यायी नाव) यांच्याशी विनंतीतले नाव ताडून पाहते. एकही नाव जुळले नाही तर ते विनंती नाकारत नाही. त्या पोर्टसाठी जो होस्ट सर्वांत आधी वाचला गेला असेल त्याच्याकडे ती सोपवून मोकळे होते. आपल्या सर्व्हरवर सध्या उत्सव हा एकच होस्ट वाचला जात असल्यामुळे कोणतेही नाव वापरून या आयपीवर आले तरी गणपतीच दिसणार.

रोजच्या कामात मी कोणत्याही फाइलला हात लावण्याआधी 'अपाचे-टू-सीटीएल हायफन-मोठा एस' ही आज्ञा देतो, आणि आपणही तीच सवय लावून घ्यावी असे मला वाटते. फोल्डरमध्ये काय ठेवले आहे हे 'एलएस' दाखवते, पण अपाचेला त्यातले काय समजले हे फक्त हीच आज्ञा दाखवते: कोणत्या पोर्टवर कोणते होस्ट, कोणता मुलभूत (नाव न जुळल्यास वापरला जाणारा), आणि प्रत्येक जण कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवरून आला. या यादीत आपल्या ग्रंथसूचीचे नाव नाही, तोपर्यंत ब्राउझरच्या कॅशमागे लागण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती अशी करावी. हाताने केलेली सिमलिंक काढून टाकावी, मूळ फाइलचे नाव 'ग्रंथसूची.कॉन्फ' करावे आणि मग 'ए-टू-एन-साइट'ने स्थळ सुरू करावे. त्यानंतर 'अपाचे-टू-सीटीएल कॉन्फिगटेस्ट' चालवून 'सिंटॅक्स ओके' आल्यावरच रीलोड करावे. सर्व्हरचे पूर्ण नाव ठरवता आले नाही, अशी सूचना त्या वेळी दिसल्यास घाबरू नये. ती केवळ सूचना असते आणि मुख्य फाइलमध्ये सर्वसाधारण सर्व्हरनेम लिहिले की जाते.

चालू स्थळाची आपल्याला काळजी आहे म्हणून सांगतो: रीस्टार्ट टाळा, रीलोडच वापरा. रीलोडमध्ये चालू असलेल्या विनंत्या पूर्ण होऊ दिल्या जातात आणि कॉन्फिगमध्ये व्याकरणाची चूक असेल तर जुनेच कॉन्फिग घेऊन सर्व्हर चालू राहतो. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व्हर आधी थांबतो, आणि तीच चूक असेल तर तो पुन्हा उठतच नाही.

रामबाग-वाचक (इंदूर)

अतिशय आभारी आहे. नाव बदलताच 'ए-टू-एन-साइट'ने निमूटपणे काम केले आणि 'हायफन-मोठा एस'च्या यादीत पोर्ट 80 वर, म्हणजे साध्या एचटीटीपीवर, आता दोन्ही होस्ट दिसतात. उत्सवाचे स्थळ अबाधित आहे.

नवीन नावावर मात्र आता 403, म्हणजे प्रवेश निषिद्ध, असे पान येते. ग्रंथसूचीच्या फायली मी '/एसआरव्ही/ग्रंथसूची' येथे ठेवल्या आहेत. एरर लॉगमध्ये 'एएच-01630' हा क्रमांक असून 'सर्व्हर कॉन्फिगरेशनने नकार दिला' असा आशय आहे. संगणकाचे काम करणाऱ्या एका परिचितांनी संपूर्ण फोल्डरला 777, म्हणजे सर्वांना सर्व काही करण्याची, परवानगी द्यावी असे सुचवले. ते मनाला पटत नाही, म्हणून अद्याप केलेले नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. ब्राउझरमध्ये नुसता आयपी टाकला तर पूर्वी उत्सवाचे स्थळ उघडत असे. आता तेथेही 403 येते. उत्सवाच्या फाइलला तर मी स्पर्शही केलेला नाही.

मांडवी-दरवाजा (वडोदरा) | उत्तर

777 न देण्याचा आपला निर्णय योग्य आहे, आणि या प्रसंगी तर त्याचा उपयोगही झाला नसता.

403 दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो आणि लॉगमधला क्रमांक पाहिल्यास ती लगेच वेगळी करता येतात. 'एएच-01630' असेल तर नकार खुद्द अपाचेच्या कॉन्फिगने दिलेला असतो. 'एएच-00035' असेल तर वाटेतल्या एखाद्या फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी अपाचेच्या वापरकर्त्याला, म्हणजे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'ला, नसते आणि तो नकार लिनक्सचा असतो. दुसरा प्रकार फायली होम फोल्डरमध्ये ठेवणाऱ्यांना हमखास भेटतो, कारण उबुंटू 21.04 पासून नवीन वापरकर्त्याचे होम फोल्डर 750 परवानगीचे असते आणि इतरांना त्यात डोकावता येत नाही. तशा वेळी 'नेमआय हायफन-एल' या आज्ञेला पूर्ण मार्ग दिला की मुळापासून प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते आणि अडथळा कुठे आहे ते कळते.

आपला प्रकार पहिला आहे. उबुंटूवरील अपाचे मुळात संपूर्ण फाइलव्यवस्थेला नकार देऊन सुरुवात करते आणि मग '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' व '/यूएसआर/शेअर' एवढ्यांनाच मोकळीक देते. '/एसआरव्ही'साठीचा उतारा मुख्य फाइलमध्ये तयार असतो, पण तो टिप्पणी करून झोपवलेला असतो. तो जागा करण्यापेक्षा आपल्या 'ग्रंथसूची.कॉन्फ'मध्येच, व्हर्च्युअल होस्टच्या आत, त्या एका फोल्डरपुरता 'डिरेक्टरी' विभाग लिहावा आणि त्यात 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' ही ओळ घालावी. '/एसआरव्ही'मध्ये उद्या कोणी बॅकअप ठेवला तर तो आपोआप उघडा पडू नये, एवढाच यामागचा हेतू. त्याच विभागात 'ऑप्शन्स उणे-इंडेक्सेस' लिहावे, म्हणजे मुखपृष्ठाची फाइल नसलेल्या उपफोल्डरांची यादी पाहुण्यांना दिसणार नाही. परवानग्या म्हणाल तर फोल्डरांना 755 आणि फायलींना 644 पुरे आहेत.

शोधताना आपल्याला 'ऑर्डर अलाउ, डिनाय' या थाटाच्या ओळीही सापडतील. ती 2.2 ची भाषा आहे. उबुंटूवर 'ॲक्सेस-कॉम्पॅट' मॉड्यूल बहुधा चालू असल्यामुळे ती खपून जाते, आणि म्हणूनच घातक ठरते: जुन्या आणि नव्या ओळी एकत्र आल्या की प्रत्यक्षात कोणाला प्रवेश मिळतो आहे हे फाइल वाचून सांगता येत नाही. चुकीची ओळ तिथल्या तिथे नाकारली गेलेली परवडते.

आता आयपीचे कोडे. फायली नावांच्या अक्षरक्रमाने वाचल्या जातात, आणि रोमनमध्ये ग्रंथसूचीचा 'जी' उत्सवाच्या 'यू'च्या आधी येतो. त्यामुळे नवीन फाइल वाचली जाऊ लागताच पोर्ट 80 वरचा पहिला, म्हणजे मुलभूत, होस्ट ग्रंथसूची झाला. अपाचेसोबत येणाऱ्या मूळ फाइलच्या नावाआधी तीन शून्ये असतात ती याचसाठी. पूर्वीच्या कार्यकर्त्यांनी ती बंद केलेली दिसते.

रामबाग-वाचक (इंदूर)

'डिरेक्टरी' विभाग लिहिल्यावर ग्रंथसूची उघडली. विश्वस्तांना दाखवली आणि लगेच दोन नव्या मागण्या आल्या.

पहिली म्हणजे एचटीटीपीएस. नवीन नाव एचटीटीपीएसने उघडले तर प्रमाणपत्राचा इशारा येतो आणि तो ओलांडून पुढे गेल्यास पुन्हा उत्सवाचेच पान दिसते. 'साइट्स-अवेलेबल'मध्ये उत्सवाच्या नावाची दुसरी एक फाइलही आहे, जिच्या नावाला शेवटी 'एलई-एसएसएल' जोडलेले आहे. ती कोणी आणि कशासाठी केली, हे कोणालाच आठवत नाही. दुसरी मागणी अशी की वाचनालयाने '.भारत' या टोकाचे देवनागरी डोमेनही घेतलेले आहे आणि त्या नावानेही ग्रंथसूची उघडावी. ते नाव सर्व्हरअलायसमध्ये जसेच्या तसे देवनागरीत लिहून पाहिले, पण ब्राउझर उत्सवाकडेच जातो.

याशिवाय जुन्या संकेतस्थळावरची काही पाने नवीन जागी हलवली आहेत, त्यांपैकी काहींवर मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. ते येथे विचारणे योग्य आहे की नाही, हे ठाऊक नाही.

बाड्याजवळचा (ग्वाल्हेर) | उत्तर

पोर्ट 80 आणि एचटीटीपीएसचे पोर्ट 443 यांचे हिशेब स्वतंत्र असतात. 443 वर आपल्याकडे अजून उत्सव हा एकच होस्ट आहे, त्यामुळे त्या पोर्टपुरता मूळ प्रश्न जसाच्या तसा शिल्लक आहे. ती अनोळखी फाइल सर्टबॉट या प्रमाणपत्रे मिळवणाऱ्या साधनाने केलेली आहे. अपाचेसाठीचा पर्याय देऊन सर्टबॉट चालवले की ते पोर्ट 80 च्या होस्टची प्रत काढते, तिच्यात लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्राचे मार्ग घालते आणि नावाला 'एलई-एसएसएल' जोडून ती फाइल सुरू करते. ग्रंथसूचीसाठीही तेच करावे. मात्र ही प्रत एकदाच काढली जाते, हे लक्षात असू द्यावे. पुढे आपण 'ग्रंथसूची.कॉन्फ'मध्ये केलेला बदल 443 वरच्या प्रतीत आपोआप जात नाही, आणि सर्व वाचक एचटीटीपीएसनेच येत असल्याने बदल केला तरी काही होत नाही असे वाटत राहते. म्हणून सर्टबॉट चालवण्यापूर्वी 80 ची फाइल पूर्ण नीट करून घ्यावी. नंतरचे बदल प्रतीत करावेत.

देवनागरी डोमेनचे म्हणाल तर ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत देवनागरी दाखवत असला तरी सर्व्हरला पाठवताना तो नावाचे रूपांतर प्युनीकोडमध्ये करतो. नावाचा प्रत्येक देवनागरी तुकडा 'एक्सएन' आणि त्यापुढे दोन हायफन, अशा सुरुवातीच्या रोमन अक्षरांत बदलतो. अपाचेला नाव त्या रूपात मिळते आणि ते आपल्या देवनागरी अलायसशी कधीच जुळत नाही. सर्व्हरअलायसमध्ये प्युनीकोडचे रूप लिहा. 'आयडीएन-टू' या साधनाला देवनागरी नाव दिले की ते मिळते. सर्टबॉटही देवनागरी नाव स्वीकारत नाही, त्यालाही हेच रूप द्यावे लागते. दोन्ही नावे एकाच वेळी मागितली तर दोहोंसाठी एकच प्रमाणपत्र मिळते.

मुलभूत होस्ट कोणता असावा, यावर माझे मत सांगतो. तो आपल्या खऱ्या स्थळांपैकी कोणताच असू नये. तीन शून्यांची फाइल पुन्हा सुरू करावी आणि तिच्यात 'रीडायरेक्ट 404' व त्यापुढे तिरकी रेघ, एवढी एकच ओळ ठेवावी. मग एखाद्या नावाची नोंद राहून गेली तर दुसऱ्याचे पान दिसण्याऐवजी 'सापडले नाही' असे उत्तर येईल आणि बिघाड पहिल्याच मिनिटाला लक्षात येईल.

अंकसंग्राहक (इंदूर) | उत्तर

ग्वाल्हेरच्या दादांचे म्हणणे पोर्ट 80 पुरते मान्य, पण ते 443 वर तेवढे सोपे नाही. तेथे मुलभूत होस्टलाही काही ना काही प्रमाणपत्र द्यावेच लागते. स्वतः सही केलेले दिले तर 404 दिसण्याआधीच ब्राउझरचा मोठा इशारा येतो आणि मंडळाचे स्थळ हॅक झाल्याचे फोन सुरू होतात. दोनच स्थळे असलेल्या सर्व्हरवर मी 443 साठी उत्सवालाच मुलभूत राहू देईन. फक्त ते अक्षरक्रमावर न सोडता फाइलच्या नावाआधी अंक लावून मुद्दाम ठरवलेले असावे.

बिघडलेल्या अक्षरांचा प्रश्न येथे पूर्णपणे योग्य आहे, कारण त्याचे मूळही बहुधा कॉन्फिगमध्येच आहे. आपली जुनी पाने दोन जातींची असणार. काही युनिकोडमध्ये असतील, पण त्यांत कॅरेक्टर सेट सांगणारी ओळ नसेल. अशांसाठी व्हर्च्युअल होस्टमध्ये 'ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट यूटीएफ-8' लिहिले की ती नीट दिसतील. काही पाने मात्र युनिकोडपूर्व काळातल्या फाँटांत टंकलेली असतील, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. आता मेख अशी की सर्व्हरच्या हेडरमध्ये पाठवलेला कॅरेक्टर सेट पानातल्या मेटा ओळीवर मात करतो. म्हणजे वरची ओळ सरसकट लावली तर ज्या जुन्या पानांनी आपला वेगळा सेट इमानेइतबारे जाहीर केला आहे, तीही बिघडतील. जुनी पाने एका उपफोल्डरात वेगळी ठेवून तेवढ्यासाठीच्या 'डिरेक्टरी' विभागात 'ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट ऑफ' करावे. अर्थात तो फाँट वाचकाच्या संगणकावर नसेल तर सर्व्हर कसाही लावला तरी चिन्हेच दिसणार. ती पाने युनिकोडमध्ये रूपांतरित करण्यावाचून गत्यंतर नाही. दिवाळी अंकांच्या जुन्या अनुक्रमणिका असतील तर ते कष्ट घेण्यासारखे आहेत.

तपासताना ब्राउझरवर फार विसंबू नका. 301 प्रकारचे पुनर्निर्देशन ब्राउझर लक्षात ठेवतो आणि सर्व्हर दुरुस्त झाला तरी जुन्याच वाटेने जातो. 'कर्ल हायफन-मोठा आय' दिले की सर्व्हरचे हेडर थेट दिसतात, कॅरेक्टर सेटसकट.

रामबाग-वाचक (इंदूर)

दोन्ही नावे एचटीटीपीएसवर चालू झाली, देवनागरी नावसुद्धा. पोर्ट 80 वर 404 देणारा मुलभूत होस्ट ठेवला आहे आणि 443 वर उत्सव. जुनी पाने वेगळी काढण्याचे काम सुरू आहे.

एकच शंका उरली. विसर्जनानंतर उत्सवाचे स्थळ पुढील वर्षापर्यंत बंद ठेवण्याची मंडळाची रीत आहे. त्यासाठी 'ए-टू-डिस-साइट' पुरेसे आहे का?

मांडवी-दरवाजा (वडोदरा) | उत्तर

ती आज्ञा फक्त सिमलिंक काढते. मूळ फाइल 'साइट्स-अवेलेबल'मध्ये तशीच राहते आणि पुढच्या वर्षी 'ए-टू-एन-साइट'ने परत सुरू करता येते. आपल्या बाबतीत मात्र दोन फायली आहेत, 80 ची आणि सर्टबॉटने केलेली, तेव्हा दोन्ही बंद कराव्या लागतील. आणि तसे केले की 443 वर ग्रंथसूची हा एकच होस्ट उरेल, म्हणजे उत्सवाचा जुना दुवा उघडणाऱ्याला प्रमाणपत्राचा इशारा आणि त्यामागे ग्रंथसूची दिसेल.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते आणि सर्टबॉट ते मुदतीपूर्वी स्वतःहून नवे करत राहते. स्थळ बंद असताना हे नूतनीकरण फसू शकते आणि पुढच्या वर्षी नेमक्या घाईच्या दिवसांत मुदत संपलेले प्रमाणपत्र हाती येते. म्हणून स्थळ बंद न करता, त्याच होस्टचा डॉक्युमेंटरूट 'पुढील उत्सवाची माहिती लवकरच' अशा एका पानाच्या फोल्डरकडे वळवावा. बदल 'एलई-एसएसएल' असलेल्या फाइलमध्येही करावा, नव्या फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहावे, आणि रीलोडनंतर 'सर्टबॉट रिन्यू'ला 'ड्राय-रन' हा पर्याय देऊन नूतनीकरणाची तालीम करून पाहावी. तीत दोन्ही प्रमाणपत्रांसमोर यश दिसले की पुढील वर्षी डॉक्युमेंटरूट पूर्ववत करून रीलोड करण्याखेरीज काही करावे लागणार नाही.